तिसरा डोळा, पण कुणाच्या हातात?

गावाला जायचं ठरलं की आपल्या डोक्यात दोन याद्या सुरू होतात. एक, बॅगेत काय भरायचं याची आणि दुसरी, घर कुणाच्या भरवशावर सोडायचं याची. दूध बंद करायचं, गॅसचा कॉक बघायचा, दागिने लॉकरला ठेवायचे आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यायची. 'तेवढा संध्याकाळी ओट्यावरचा दिवा लावा हं, म्हणजे घरात कुणी आहे असं वाटेल,' हे आपण सगळ्याच जणी कधी ना कधी म्हटलेलो असतो. पण आता गल्ल्याच बदलल्या. शेजारच्या काकू मुलाकडे राहायला गेल्या, समोरचं घर भाड्याने दिलं गेलं आणि आपण स्वतः गावाबाहेरच्या प्लॉटवर घर बांधून आलो. तिथे ओट्यावरचा दिवा बघायलाच कुणी नाही.

म्हणून की काय, हल्ली छोट्या गावांतसुद्धा घराच्या कोपऱ्यावर एक पांढरा डोळा आणि त्याच्या डोक्यावर पाटीएवढी काळी काच दिसू लागली आहे. सोलरवर चालणारा कॅमेरा. लाईट नको, वायर नको, भिंतीची फोडाफोड नको आणि सगळं मोबाइलवर दिसतं! आमच्याही घरी तो बसून आता दीड वर्ष झालं. दोन उन्हाळे आणि एक अख्खा पावसाळा त्याने बघितला. तो कसा घ्यावा, कसा बसवावा हे आज सांगणारच आहे. पण मैत्रिणींनो, दुकानदार एक प्रश्न आपल्याला कधीच विचारत नाही आणि घरातले पुरुषही सहसा विचारत नाहीत. हा डोळा बघणार कुणाकडे, आणि त्याच्यातून बघणार कोण?

मागे ज्वारीचं रान

आमचं घर बार्शीच्या एका टोकाला, नव्या प्लॉटिंगमधलं शेवटचं. पुढे कच्चा रस्ता, मागे ज्वारीचं रान. यांची नोकरी बदलीची, ते शनिवारी-रविवारी येतात. मुलगा पुण्याला नोकरीला. घरात आम्ही तिघीच. मी, ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई आणि तेव्हा बारावीला असलेली लेक. ज्वारी कमरेच्या वर वाढली की मागच्या बाजूला माणूस उभा असला तरी दिसायचा नाही. रात्री कुत्री एकदम भुंकायला लागली की आम्ही तिघी एका खोलीत येऊन बसायचो.

आधी वायरीचा सीसीटीव्ही बसवायचं ठरत होतं. पण आमच्याकडे वळवाचा पाऊस आला की पहिली लाईट जाते, ती कधी कधी पहाटेच येते. म्हणजे नेमक्या अंधाऱ्या रात्री कॅमेराही झोपणार. मग मुलानेच सोलरचं सुचवलं. दोन कॅमेरे घेतले. साधारण साडेचार हजारांना एक पडला. बसवायला गावातलाच एक चुणचुणीत मुलगा आला.

सासूबाई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, पापडावरची माकडं हाकलेल का हा?"

"हाकलणार नाही आजी, पण कुठल्या माकडाने पापड नेला ते सांगेल," तो मुलगा म्हणाला. आणि खरं सांगू का, कॅमेरा म्हणजे नेमकं काय, ते यापेक्षा सोप्या शब्दांत मला कुणी सांगितलेलं नाही. तो राखणदार नव्हे, साक्षीदार आहे.

ऊन पॅनेलला, सावली कॅमेऱ्याला

आता कामाच्या गोष्टी. सोलर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, थोडं तिरकं बसवायचं. आपल्या भागात अठरा-वीस अंशांचा उतार पुरतो. म्हणजे अगदी सपाट नाही आणि भिंतीसारखं उभंही नाही. मे महिन्याच्या मध्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून जातो. पण थंडीत तो दक्षिणेला कलतो, दिवसही लहान असतो. त्या महिन्यांचा विचार करून दक्षिणच धरायची. तिरकं लावण्याचा आणखी एक फायदा म्हणजे पहिल्याच पावसात धूळ धुऊन जाते.

सावलीचं मात्र फार बघायचं. नारळाच्या झावळीची, डिश अँटेनाची, वाळत घातलेल्या साडीची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच कमी तयार होते. सकाळी दहाला, दुपारी एकला आणि चारला, असं तीनदा बाहेर येऊन बघायचं आणि मगच भिंतीला ड्रिल मारू द्यायचं. आमच्या पुढच्या कॅमेऱ्याचं पॅनेल याच कारणाने कॅमेऱ्यापासून दूर, पॅरापेटवर गेलं. असं वेगळं पॅनेल असलेला कॅमेरा घेतला की सोबत लांब वायर येते. दोन्ही एकत्र जोडलेला मात्र घेऊ नये.

त्याला दुसरंही कारण आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा म्हणजे काय, ते मी सांगायला नको. कॅमेऱ्यात मोबाइलसारखीच लिथियमची बॅटरी असते आणि पंचेचाळीस अंशांच्या वर ती चार्ज करणं तिला सोसत नाही. उन्हात तापलेला कॅमेऱ्याचा डबा तर हवेपेक्षा जास्त गरम होतो. म्हणून पॅनेल उन्हात आणि कॅमेरा छज्जाखाली सावलीत. पावसाळ्यात उलटा प्रश्न. चार-पाच दिवस आभाळ भरलेलं राहिलं की बॅटरी उतरत जाते. तेव्हा मोबाइलच्या चार्जरने ती एकदा भरून घ्यावी. म्हणून कॅमेरा स्टुलावर उभं राहून काढता येईल, पण रस्त्यावरच्या माणसाच्या हाताला लागणार नाही, अशा आठ-नऊ फुटांवर असावा. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पॅनेल पुसायचं. घासणी लावायची नाही.

'लाईट गेली तरी चालतो' हे अर्धंच खरं

दुकानात हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. कॅमेरा चालतो हे खरं. पण तो मोबाइलवर दाखवतो कशातून? घरातल्या वाय-फायमधून. आणि वाय-फायचा डबा चालतो लाईटवर! म्हणजे लाईट गेली की कॅमेरा आपल्या मेमरी कार्डवर चित्र घेत राहतो, पण आपल्या फोनवर सूचना येत नाही. यावर दोन उपाय. वाय-फायच्या डब्याला छोटा यूपीएस लावायचा, नाहीतर सिमकार्डवर चालणारा कॅमेरा घ्यायचा. शेतातल्या घराला किंवा इंटरनेट नसलेल्या घराला सिमचाच बरा, फक्त त्याचं रिचार्ज लक्षात ठेवावं लागतं. वाय-फायचा घेतला तर बसवण्याआधी मोबाइल घेऊन त्या जागी उभं राहायचं. तिथे व्हिडिओ कॉल नीट लागला, तर कॅमेरासुद्धा चालेल.

दुसरं म्हणजे बॅटरीवरचे बहुतेक कॅमेरे चोवीस तास चित्रण करत नाहीत. अंगाची उष्णता हलताना जाणवली की ते जागे होतात, थोडं चित्रण करतात आणि पुन्हा झोपतात. जागं व्हायला क्षण-दोन क्षण लागतात. म्हणून कॅमेरा असा लावायचा की माणूस फाटकातून आडवा चालत जाताना दिसेल. समोरून सरळ येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. भर उन्हाळ्याच्या दुपारी तर हवाच अंगाएवढी तापलेली असते, तेव्हा त्याला माणूस आणि हवा यांतला फरक लवकर कळत नाही. दुपारी दार उघडं टाकून झोपायची सोय कॅमेऱ्याने होत नाही ती अशी!

रात्री तो न दिसणाऱ्या प्रकाशात बघतो. शेजारी पांढरी भिंत असेल तर तो प्रकाश तिच्यावरून परततो आणि चित्र धुरकट होतं. कोळ्याचं जाळं तर झाडूने रोज नाही तरी आठवड्याला काढायचंच. जाळं हललं की चित्रात भूत नाचल्यासारखं दिसतं. पाणी-धुळीसाठी डब्यावर आयपी ६५ किंवा ६६ लिहिलेलं बघावं. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचणीची अट केंद्र सरकारने लागू केली आहे. तेव्हा बीआयएस नोंदणी विचारायची आणि पक्कं बिल घ्यायचं, स्वस्तातला बिननावाचा डबा घ्यायचा नाही. आणि आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. लेकीचं नाव आणि जन्मसाल हा पासवर्ड नव्हे, ते अख्ख्या गल्लीला माहीत असतं.

ॲप कुणाच्या मोबाइलमध्ये?

सगळं बसवून झालं आणि त्या मुलाने विचारलं, "काकू, ॲप दादांच्या मोबाइलमध्ये टाकू की काकांच्या?"

माझा मोबाइल माझ्या हातातच होता. पण त्याच्या यादीत मी नव्हतीच. त्याचा काही दोष नाही. दहा घरांतल्या नऊ घरांत त्याला हेच सांगत असतील.

तेवढ्यात लेक आतून म्हणाली, "म्हणजे आता क्लासवरून किती वाजता आले ते दादा पुण्यात बसून बघणार. आणि मैत्रीण सोडायला आली की मैत्रीण की मित्र, तेही!" ती हसत म्हणाली, पण हसण्यात काटा होता. माझ्या काळजात तो रुतलाच, कारण ओळखीतल्या एका घरची गोष्ट मला ठाऊक होती. गाव सांगत नाही. तिथला मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी, सून आणि सासू-सासरे इकडे. चोरीच्या भीतीने दारावर कॅमेरा बसवला. महिन्याभराने ती सून मला म्हणाली, "काकू, आता मला दार उघडायचीच भीती वाटते. चोराची नाही हो, फोनची. दूधवाल्याशी दोन शब्द जास्त बोलले की संध्याकाळी फोन येतो, 'एवढं काय बोलत होतीस?' भाजीला गेले की किती वाजता गेले आणि किती वाजता आले, ते त्यांना माझ्याआधी पाठ."

कॅमेऱ्यात माईक असतो, हे तिला माहीतच नव्हतं. दारात उभं राहून आईशी फोनवर काढलेलं रडगाणंही तिकडे ऐकू गेलं होतं.

चोर वर्षातून एखादा येतो, किंवा येतही नाही. घरातली बाई मात्र त्या दारातून दिवसाला दहा वेळा जाते-येते. म्हणजे कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त कोण येणार? तीच. तेव्हा हे यंत्र चोरावर नजर ठेवण्यासाठी आणलेलं असलं, तरी ते नजर ठेवतं घरातल्या बायकांवर, जर कुणी आधी विचार केला नाही तर!

मी त्या मुलाला म्हटलं, "माझ्या मोबाइलमध्ये टाक. मालक म्हणून माझंच नाव." सासूबाई ओट्यावरून हसल्या. म्हणाल्या, "घराच्या किल्ल्या बाईच्या कमरेला असतात, तशी हीही किल्लीच समज."

मागचं अंगण

खरी पंचाईत पुढेच होती. चोराला सोपी बाजू मागची, म्हणून दुसरा कॅमेरा मागे हवा. पण मागचं अंगण म्हणजे आमचं तिघींचं राज्य. तिथेच धुणं, तिथेच आतले कपडे वाळत घालायचे, न्हाऊन सासूबाई केस सुकवत बसतात तेही तिथेच. लेक रात्री गाउनवर येरझाऱ्या घालत पाठांतर करते. सगळ्यात धोक्याची जागा आणि सगळ्यात मोकळी जागा, दोन्ही एकच!

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मागे पूर्ण अंगण कव्हर झालंच पाहिजे." मी म्हटलं, "अरे, अंगण कव्हर करायचं नाही, कुंपण करायचं." मग त्या बसवणाऱ्या मुलाने कॅमेरा घराच्या भिंतीवर न लावता कुंपणाच्या कोपऱ्यातल्या खांबावर लावला, तोंड मागच्या फाटकाकडे आणि रानाकडे. अंगणाकडे पाठ. वर ॲपमध्ये वेळ लावली, रात्री साडेदहा ते पहाटे पाच. दिवसा तो बंद. पुढच्या कॅमेऱ्यातही समोरच्या घराची खिडकी येत होती, ती सेटिंगमध्ये काळी पट्टी टाकून झाकली आणि समोरच्या वहिनींना बोलावून दाखवली. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. इतके दिवस त्यांनाही प्रश्न पडला होता, पण विचारायचं कसं?

आणि घरात नियम ठरले. मुलाला आणि यांना बघायची परवानगी दिली, पण फक्त बघायची. सेटिंग बदलायचं ते माझ्या मोबाइलवरून. माईक एरवी बंद, रात्रीच चालू. क्लिप कुठल्याही ग्रुपवर टाकायची नाही. आणि कॅमेऱ्यात बघून कुणी कुणाला जाब विचारायचा नाही. विचारायचं असेल तर सरळ फोन करून 'जेवलीस का' विचारावं. हा शेवटचा नियम लेकीने घातला. मुलाला आधी राग आला. "मी काळजीनेच म्हणतोय ना?" म्हणाला. मी म्हटलं, "काळजीच आहे रे. पण काळजीला दार ठोठावून आत यायची सवय असावी."

आणि एकदा तो खरंच वाजला

गेल्या थंडीत एका रात्री पावणेतीनला फोन वाजला. मागच्या फाटकापाशी दोघे जण. एकाने कडी हलवून बघितली. माझे हात कापत होते, पण आम्ही हे आधी ठरवून ठेवलं होतं. लेकीने बाहेरचे सगळे दिवे लावले. मी ११२ नंबर लावला आणि सासूबाईंनी माझ्या समोरच्या वहिनींना फोन केला. मग मी ॲपमधलं बटण दाबून मोठ्यांदा ओरडले, "कोण आहे रे तिकडे?" कॅमेऱ्यातून माझा आवाज अंधारात घुमला आणि ते ज्वारीत शिरले. तोवर समोरच्या घरचे दिवे लागले होते, भाऊजी काठी घेऊन बाहेर आले होते.

दुसऱ्या दिवशी क्लिप पोलिसांना दिली. चेहरे काही ओळखू येण्यासारखे नव्हते. वेळ मात्र कळली आणि ते कुठून आले, कुठे गेले, तेही दिसलं. ते पळाले ते माझ्या आवाजाने की वहिनींच्या दिव्यांनी, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असतील. एक मात्र पटलं, त्या रात्री कॅमेऱ्याने मला उठवलं, पण धावून आली ती माणसंच. वहिनींची खिडकी मी झाकली नसती आणि आमचं बोलणं तुटलं असतं, तर?

कायदा काय म्हणतो?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने दिला. तो फक्त मोठ्या लोकांसाठी नाही, तुमच्या-माझ्यासाठीही आहे. कोलकात्यातल्या एका एकत्र घरात राहण्याच्या भागात, दुसऱ्या भावाच्या संमतीशिवाय कॅमेरे लावण्यावरून वाद झाला. असे कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं आणि सुप्रीम कोर्टाने त्यात हस्तक्षेप केला नाही. बाईचं तिच्या खासगी क्षणातलं चित्रण चोरून करणं हा तर सरळ गुन्हाच. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ त्यासाठी आहे आणि ते १ जुलै २०२४ पासून लागू झालं. शेजाऱ्याचा कॅमेरा आपल्या न्हाणीकडे, खिडकीकडे वळलेला असेल तर आधी गोडीने सांगावं. नाहीच ऐकलं तर पोलिसांत लेखी तक्रार देता येते. कुणी क्लिप पसरवण्याची धमकी दिली तर सायबर तक्रारीसाठी १९३० हा नंबर मोबाइलमध्ये लिहूनच ठेवा.

त्या सुनेचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिच्या सासूबाईंपाशी मी विषय काढला, सुनेचं नाव न घेता. आमच्या माईकची गोष्ट सांगितली. त्या दचकल्या, कारण त्यांच्याही गप्पा तिकडे ऐकू जात होत्या! आठ दिवसांत कॅमेरा ओट्यावरून निघून फाटकावर गेला, माईक बंद झाला, आणि सुनेच्या मोबाइलमध्येही ॲप आलं. नवऱ्याचे फोन थांबले असं नाही. सवयी इतक्या लवकर जात नाहीत. पण आता तो काय बघतो, ते तिलाही दिसतं. त्याने बघायला उघडलं की नाही, एवढ्यासाठी धाकधूक उरली नाही, असं ती म्हणते.

तेव्हा मैत्रिणींनो, कॅमेरा जरूर लावा. एकटीदुकटीच्या घराला त्याचा आधार आहे, हे मी अनुभवाने सांगते. पण ज्या दिवशी तो बसवायला माणूस येईल, त्या दिवशी स्वयंपाकघरात चहा करत बसू नका. चहा दुसरं कुणी करेल. तुम्ही शिडीशी उभ्या राहा. कुठे बघायचं, कुठे नाही, किती वाजता आणि कुणी, हे तुम्ही सांगा. आणि सुनेला, लेकीला, सासूला शेजारी उभं करून त्यांनाही विचारा. ज्या घराची राखण करायची, त्या घरात दिवसभर वावरणारं माणूस तुम्हीच तर आहात.